भिंतीवरचे शेवाळ, ब्लीचची बाटली आणि अडीचशे वर्षांचा इतिहास

गणपतीला चार दिवस राहिले होते. संध्याकाळची ओपीडी सुरू असताना एक तरुण आईला धरून आत आला. साठीच्या आसपासच्या काकू, माझ्या जुन्या पेशंट. डोळे लालबुंद, सतत खोकला, एक वाक्य बोलायला तीन वेळा थांबावे लागत होते. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंनी शिट्टीसारखा आवाज. ऑक्सिजनचे प्रमाण ९१. काकूंना दमा कधीच नव्हता.

चौकशी केली तेव्हा कळले. पावसाळ्यात बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर आणि मागच्या अंगणात काळे-हिरवे शेवाळ साचले होते. पाहुणे येणार म्हणून मुलाने प्रेशर वॉशर भाड्याने आणला. नुसत्या पाण्याने डाग जाईनात, म्हणून काकूंनी घरच्या घरी द्रावण बनवायचे ठरवले. बादलीत ब्लीचची अख्खी बाटली, त्यात संडास धुवायचे अ‍ॅसिड अर्धी बाटली, वर मूठभर कपड्यांची पावडर. हिशेब साधा होता. ब्लीचने डाग जातात, अ‍ॅसिडनेही जातात, मग दोन्ही मिळून दुप्पट जातील! बादलीतून फसफस आवाज आला, पिवळसर वाफ दिसली आणि त्यांचा श्वास अडकला.

आम्ही ऑक्सिजन लावला, नेब्युलायझेशन दिले आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांनी काकू बऱ्या होऊन घरी आल्या. नंतर तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "डॉक्टर, दोन्ही बाटल्या वर्षानुवर्षे आमच्या मोरीत शेजारी शेजारी उभ्या आहेत. मग विष आले कुठून?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर द्यायचे तर थेट १७७४ सालापासून सुरुवात करावी लागते. आजचा लेख म्हणजे काकूंना दिलेले ते सविस्तर उत्तर.

कापड उन्हात, गवतावर

ब्लीच यायच्या आधी युरोपात सुती आणि तागाचे कापड पांढरे करणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम होते. कापड आधी राखेच्या खारात उकळायचे, मग गवताच्या मैदानावर पसरून उन्हात ठेवायचे, वरून पाणी शिंपडायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि पुन्हा उन्हात. असे फेरे अनेकदा चालत. हॉलंडमधील हार्लेम शहर या कामासाठी प्रसिद्ध होते. आपल्याकडचे परीटही खार, रिठे, ऊन आणि दगड यांवरच काम करत. पद्धत संथ होती, पण तिने कुणाचा श्वास कोंडत नसे.

१७७४ मध्ये स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शीले या औषधविक्रेत्या रसायनशास्त्रज्ञाने मँगनीजच्या एका काळ्या खनिजावर म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड ओतले. हिरवट-पिवळा वायू निघाला. त्याचा वास इतका उग्र होता की छाती आवळल्यासारखी वाटे. त्या वायूत फुले-पाने धरली की त्यांचा रंग उडतो हे शीलेने नोंदवून ठेवले. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने हे मूलद्रव्य आहे असे ठरवले आणि हिरवट-पिवळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'क्लोरीन' हे नाव दिले.

शीलेने वापरलेले म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड म्हणजेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. आज संडास धुवायच्या बहुतेक बाटल्यांत तेच असते, फक्त पातळ केलेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जॅव्हेल गावचे पाणी

रंग उडवणारा वायू सापडला, पण वायू बाटलीत भरून विकायचा कसा? १७८५ च्या सुमारास फ्रान्समधील क्लोद लुई बर्थोले याने क्लोरीन पाण्यात विरघळवून कापड पांढरे करून दाखवले. आपली पद्धत त्याने गुप्त ठेवली नाही. वाफेच्या इंजिनासाठी आपल्याला माहीत असलेला जेम्स वॅट पॅरिसला गेला होता. त्याने ती पाहिली आणि स्कॉटलंडला नेली, कारण त्याचे सासरे कापड पांढरे करण्याच्या धंद्यात होते.

मात्र क्लोरीनच्या पाण्यातून वायू सतत बाहेर पडे आणि काम करणारे कामगार खोकून हैराण होत. पॅरिसच्या कडेला जॅव्हेल नावाच्या गावातील कारखान्याने यावर उपाय काढला. तो वायू साध्या पाण्यात न सोडता पोटॅशच्या खारात सोडला. खाराने वायू धरून ठेवला. वास कमी झाला आणि गुण शिल्लक राहिला. हेच 'जॅव्हेलचे पाणी'. ते गाव आज पॅरिस शहराचाच भाग आहे, आणि फ्रान्समध्ये ब्लीचला अजूनही याच नावाने ओळखतात.

काकूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. ब्लीच म्हणजे खारात धरून ठेवलेला क्लोरीन. बाटलीत खार आहे तोवर क्लोरीन मुकाट बसतो.

१७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने पुढचे पाऊल टाकले. कोरड्या विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून त्याने पावडर बनवली. ही ब्लीचिंग पावडर पोत्यात भरून कुठेही नेता येई. कापडाला लागणारे महिने आता दिवसांवर आले.

मेलेल्या राजाचा दुर्गंध

इथपर्यंत सगळी गोष्ट कापडाची. ती डॉक्टरांच्या हातात आणली पॅरिसच्या अंत्वान जेर्मँ लाबाराक या औषधविक्रेत्याने. तेव्हा जनावरांच्या आतड्यांपासून तार आणि दोऱ्या बनवण्याचे कारखाने होते. तिथला दुर्गंध असह्य असे. तो घालवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि १८२० मध्ये लाबाराकने ते मिळवले. त्याने पोटॅशऐवजी सोडा वापरला. आज आपल्या घरात असते ते सोडियम हायपोक्लोराइट हेच. १८२४ मध्ये फ्रान्सचा राजा अठरावा लुई गँगरीनने वारला. त्याच्या शवाच्या दुर्गंधाने जवळ उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा लाबाराकलाच बोलावले गेले.

दुर्गंध गेला की रोग गेला, अशी त्या काळी डॉक्टरांचीसुद्धा समजूत होती. जंतू अजून कुणाला ठाऊक नव्हते. म्हणजे उत्तर हाती आले होते आणि प्रश्न मात्र चुकीचा होता. पुढच्या शंभर वर्षांत हा घोळ पुन्हा पुन्हा दिसतो.

व्हिएन्नातील हात

व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून बायका गयावया करत.

१८४७ मध्ये तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी सुरीने जखम होऊन वारले. त्यांच्या शवात दिसलेल्या खुणा बाळंतरोगाच्या होत्या. सेमेलवाइसना उलगडा झाला. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासणाऱ्या डॉक्टरांचे हातच रोग नेत होते. त्यांनी वॉर्डात शिरण्याआधी क्लोरीनच्या द्रावणात, पुढे स्वस्त पडते म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, हात धुणे सक्तीचे केले. हेच रसायन का? कारण साबणाने न जाणारा शवाचा वास त्याने जात असे.

एप्रिल १८४७ मध्ये मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्के होते. मेमध्ये हात धुणे सुरू झाले. जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्के.

मी हे आकडे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला सांगतो. सेमेलवाइसने भिंती धुतल्या नाहीत, जमीन धुतली नाही. रोग ज्या वाटेने जात होता ती वाट शोधली आणि तेवढीच धुतली. सहकाऱ्यांनी त्यांचे ऐकले नाही हा इतिहासाचा दुःखद भाग. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

मुंबईच्या घरांवर पाण्याचे फवारे

आता आपल्या मुलखात येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर घाबरले, माणसे गाव सोडून पळू लागली. सरकारने साफसफाईची मोहीम काढली. प्रेशर वॉशर हे अलीकडचे यंत्र असे आपल्याला वाटते. ते खरेच आहे. जर्मनीच्या आल्फ्रेड कार्शर यांनी गरम पाण्याचा युरोपातील पहिला प्रेशर क्लीनर बनवला तो १९५० मध्ये. पण जोराच्या पाण्याने घरे धुण्याचा प्रकार मुंबईने १८९७ मध्येच पाहिला. त्या काळचे छायाचित्र उपलब्ध आहे. रस्त्यात पाणी मारणारे इंजिन उभे आहे आणि नळीने रोग्यांची घरे धुतली जात आहेत.

नुसते पाणी नव्हते. परक्लोराइड ऑफ मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल विषारी क्षार, पाण्यात मिसळून भिंतींवर मारला जाई. वरून चुना. उजेड यावा म्हणून कौले काढली जात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी 'यूएचएच' अशी अक्षरे रंगवली जात. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. त्याचा परिणाम २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाला, तो आपण शाळेत वाचलेला आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

एवढे धुऊन प्लेग गेला का? नाही. तो पुढे कित्येक वर्षे मुंबई-पुण्याला छळत राहिला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो. तो भिंतीत नव्हताच. पाण्याच्या लोटाने उंदीर मरत नाही, तो शेजारच्या चाळीत जातो. विष जहाल होते, पाण्याला जोर होता, मनुष्यबळ अफाट होते. फक्त धुतले ते भलतेच.

मी इथे त्या अधिकाऱ्यांना हसत नाही. त्यांना पिसू ठाऊक नव्हती. आपल्याला ठाऊक असूनही आपण काय करतो, ते थोड्या वेळाने सांगतो.

एकच वर्ष, एकच रसायन

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधील ईप्रजवळ पहिल्या महायुद्धाची आघाडी. संध्याकाळी जर्मन सैन्याने साडेपाच हजारांहून अधिक सिलिंडरांचे तोंड उघडले आणि दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. मागचे डोके होते फ्रिट्झ हाबर या नामांकित रसायनशास्त्रज्ञाचे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला. चार दिवसांनी आपल्या लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिकही त्याच आघाडीवर विषारी वायूच्या तडाख्यात सापडले.

क्लोरीन फुप्फुसात गेला की तिथल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन आम्ल तयार होते. श्वासनलिका आवळतात, फुप्फुसात पाणी भरते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो म्हणा ना.

त्याच १९१५ मध्ये, त्याच युद्धात, फ्रान्समधील काँपिएन्य इथल्या लष्करी रुग्णालयात हेन्री डेकिन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आणि अलेक्सी कॅरेल हा शल्यविशारद चिघळलेल्या जखमांवर काम करत होते. प्रतिजैविके यायला अजून बराच अवकाश होता. जखम सडली की हात-पाय कापायचा, नाहीतर रोगी जायचा. बाजारातले हायपोक्लोराइट जंतू मारत होते, पण त्यातल्या खारामुळे मांसही जाळत होते. डेकिनने बोरिक अ‍ॅसिड घालून तो खार मोजूनमापून कमी केला आणि प्रमाण ठरवले. ०.४५ टक्क्यांच्या खाली गुण येत नाही, ०.५ च्या वर त्वचा जळते. एवढ्याशा फटीत त्याने औषध बसवले. कॅरेलने बारीक नळ्यांतून ते जखमेत थोड्या थोड्या वेळाने सोडण्याची पद्धत बसवली. डेकिनचे द्रावण आजही काही जखमांवर वापरतात.

म्हणजे एकाच वर्षी त्याच क्लोरीनने एकीकडे माणसे मारली आणि दुसरीकडे जखमी सैनिकांचे हात-पाय वाचवले. फरक होता मोजमापाचा आणि हेतूचा.

विहीर आणि काळा कप

१९०५ मध्ये इंग्लंडच्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली तेव्हा आणि १९०८ पासून अमेरिकेच्या जर्सी सिटीत पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालणे सुरू झाले. पटकी आणि विषमज्वर आटोक्यात आणण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे.

इंटर्नशिपमध्ये मी प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो. तिथल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची असे. गावाकडे तिला आजही 'टीसीएल' म्हणतात. किती टाकायची ते ठरवायला हॉरॉक्सची पेटी होती. सहा पांढरे कप, एक काळा कप, चमचे, काचेच्या कांड्या. काळ्या कपात पावडरचे द्रावण करायचे, पांढऱ्या कपांतल्या विहिरीच्या पाण्यात ते चढत्या प्रमाणात मिसळायचे, अर्धा तास थांबायचे, मग स्टार्च-आयोडाइडचे थेंब टाकायचे. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो त्यावरून प्रमाण ठरते. चांगल्या पावडरीचे साधारण २.५ ग्रॅम १००० लिटर पाण्याला पुरतात. हजार लिटरला अर्धा चमचा!

पहिल्या दिवशी मी घाईत म्हणालो, "जरा जास्तच टाकू, म्हणजे काळजी नको." तिथले जुने आरोग्य सेवक म्हणाले, "साहेब, जास्त टाकली तर पाण्याला वास येतो. मग बाया हे पाणी सोडून ओढ्याचे पाणी भरतात. आणि जुलाब तिथूनच येतात." कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकाने मला इतके नेमके शिकवले नव्हते.

माझी चूक

आता ते राहिलेले सांगतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीने गेटवर फवाऱ्याची कमान उभी केली. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर हायपोक्लोराइटचे पाणी. कमिटीने मला विचारले, "डॉक्टर, बरोबर आहे ना?" अंगावर फवारून नाकातला विषाणू मरत नाही, उलट डोळे आणि फुप्फुसे चुरचुरतात हे मला ठाऊक होते. पण लोक घाबरलेले होते, काहीतरी केल्याचे समाधान मिळत होते आणि मला वाद नको होता. मी म्हणालो, "चालेल."

दहा-बारा दिवसांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असे फवारे मारू नयेत असे स्पष्ट केले आणि कमान निघाली. पुढे मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले. पण तोवर रोज सकाळी धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका त्या कमानीखालून जात होत्या. त्यांतली एक दम्याची होती. तिला त्रास झाला तेव्हा ती माझ्याकडेच आली. १८९७ च्या अधिकाऱ्यांना पिसू माहीत नव्हती. मला सगळे माहीत होते.

त्याच काळात अमेरिकेत ५०२ लोकांची पाहणी झाली. त्यातल्या ३९ टक्के लोकांनी ब्लीचने फळे-भाज्या धुणे, अंगाला जंतुनाशक लावणे, जंतुनाशकाची वाफ घेणे यांपैकी काहीतरी केल्याचे सांगितले. भीती वाटली की माणूस 'आणखी कडक' काहीतरी शोधतो. काकूंना रोगाची भीती नव्हती, पाहुण्यांसमोर लाज जाईल याची होती. बादली मात्र तीच.

बादलीत नेमके काय झाले?

ब्लीच म्हणजे खारात धरून ठेवलेला क्लोरीन. त्यावर अ‍ॅसिड ओतले की खार मरतो, आणि जॅव्हेलच्या कारखान्याने कोंडलेला वायू शीलेच्या १७७४ च्या प्रयोगासारखा मोकळा होतो. तोच हिरवट-पिवळा वायू, ईप्रच्या खंदकातला. काकू खाली वाकून बादली ढवळत होत्या आणि जड वायू बादलीच्या तोंडाशीच साचला होता. विष कुठल्याच बाटलीत नव्हते, ते दोन्ही एकत्र करण्यात होते.

व्हिनेगर आणि लिंबू हीसुद्धा आम्लेच आहेत. 'नैसर्गिक' म्हणून ती ब्लीचमध्ये घातली तरी क्लोरीन निघतो. काही काच पुसायच्या द्रावणांत अमोनिया असतो. त्याच्याशी ब्लीच मिळाले की क्लोरामाइन नावाचे दुसरे विषारी वायू तयार होतात.

मग भिंत कशी धुवायची?

- आधी कोरड्या खराट्याने किंवा ब्रशने शेवाळ खरवडून काढा. निम्मे काम इथेच होते.
- मग साधी साबण पावडर पाण्यात कालवून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. बहुतेक भिंतींना एवढे पुरते.
- तरीही काळे डाग राहिले तरच ब्लीच. बाटलीवरील टक्केवारी वाचा. ४ ते ५ टक्क्यांचे असेल तर १ भाग ब्लीच आणि ९ भाग साधे गार पाणी. हे जवळपास डेकिनच्या ०.५ टक्क्यांइतके होते. त्याहून कडक करायची गरज नाही. त्यात दुसरे काहीही मिसळू नका.
- हे पाणी स्पंजने किंवा ब्रशने लावा, १० मिनिटे थांबा, पुन्हा घासा, साध्या पाण्याने धुवा. ब्लीच प्रेशर वॉशरमध्ये भरू नका. त्याचे बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात.
- हातमोजे, चष्मा, पायात बूट. तुळस आणि कुंड्या आधी साध्या पाण्याने भिजवा, नंतरही धुवा. मुले आणि दम्याचे रुग्ण यांना लांब ठेवा.
- अ‍ॅसिड भिंतीला आणि अंगणाला नकोच. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिड ती खाते, खडबडीत करते आणि पुढच्या वर्षी शेवाळ जास्त धरते.
- द्रावण त्या दिवसापुरतेच करा. उरलेले कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोर ते पिते.

प्रेशर वॉशरबद्दल एक इशारा. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, घरगुती मशीनच्या तोंडाशी १०० बार किंवा त्याहून जास्त. ती धार हाताला लागली तर बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत पाणी, साबण, घाण खोलवर गेलेली असते. सुरुवातीला फारसे दुखतही नाही. हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला सर्जनकडे जा. उशिराने बोट गमवावे लागू शकते.

वायू झालाच तर

- बादली तशीच सोडून वाऱ्याच्या उलट दिशेला, मोकळ्या हवेत जा. ती ओतायला किंवा 'मारायला' परत जाऊ नका.
- कपडे भिजले असतील तर काढा. डोळे वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा.
- खोकला, दम, छातीत आवळल्यासारखे वाटणे असेल तर लगेच रुग्णालय गाठा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी जा. फुप्फुसात पाणी काही तासांनंतरही भरू शकते.
- कुणी ब्लीच किंवा अ‍ॅसिड प्यायले असेल तर उलटी करवू नका. बाटलीसकट रुग्णालयात या.

हे सगळे काकूंना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काय धुवायचं, कशानं, किती, आणि कशासोबत नाही, एवढं विचारायचं." सेमेलवाइस, डेकिन आणि विहिरीकाठचे ते आरोग्य सेवक, तिघेही हेच विचारत होते. मला २०२० मध्ये हे विचारायला जमले नव्हते.

काकूंच्या मोरीत आता ब्लीच खालच्या फळीवर आणि अ‍ॅसिड संडासात, असे वेगवेगळे ठेवलेले आहे. या वर्षीही गणपतीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीच्या एका कोपऱ्यात थोडे शेवाळ शिल्लक होते. काकूंनी मोदक पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ते राहू दे तसंच. पुढच्या पावसात परत येणारच आहे."